किल्लीवाल्या अप्पांची तपासणी

किल्लीवाले अप्पा एक्क्याऐंशीचे. पन्नास वर्षं बाजारात जिन्याखाली बसून त्यांनी कानस चालवली. हृदयाची झडप आकसली, चार पावलांत धाप लागू लागली, तेव्हा मुलगा त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. झडप बदलायची तर म्हातारं शरीर ते सोसेल का, हे आधी पाहणार होते.

नर्सने मूठ आवळायचं यंत्र हातात दिलं. अप्पांनी असं आवळलं की ती म्हणाली, "बाबा, मोडाल हं!" मग हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं. जमलं. बारा फूट चालायचं. सावकाश, पण तेही जमलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वर्षभरात कधी पडलात?"

"छे!"

"दोनदा पडलेत," मुलगा मधेच बोलला. "न्हाणीत. कपडेसुद्धा आम्हीच घालतो."

अप्पा बघतच राहिले. "खोटं बोलतोय हा! एकदाही पडलो नाही मी."

मुलाने बाईंकडे बघून हळूच मान हलवली. बाई नर्सला म्हणाल्या, "पडल्याचं आठवत नाही, असं लिहा. विसरभोळेपणाची शंका."

ऑपरेशन नको, गोळ्याच चालू ठेवा, असं ठरलं.

बाहेर अप्पा थांबले. "का रे?"

मुलगा भिंतीकडे बघत म्हणाला, "आई तीन वर्षं अंथरुणात होती. सगळं मी काढलं. ऑपरेशन बिघडून तुम्हीही तसेच झालात तर? माझ्यात आता जोर नाही, बाबा."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही ऑपरेशनच करा म्हणाला असतात."

चार दिवसांनी अप्पा ऑपरेशनचं पुन्हा विचारायला एकटेच बसने दवाखान्यात गेले. खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळला. "सोबत माणूस लागेल, आजोबा. विसरभोळेपणा लिहिलाय तुमच्या नावापुढे." त्याने मुलाला फोन लावला.

मुलगा आला, त्याने अप्पांचा दंड धरला. "हे असे न सांगता निघून जातात हो."

कारकुनाने तेही लिहून घेतलं.

त्यानंतर अप्पा मुलाशी बोलले नाहीत. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून खुर्चीतच झोपायचे. सातव्या आठवड्यात दुपारी जेवता जेवता मान कलली, घास हातातच राहिला. सुनेने हाक मारली, मुलगा धावत आला.

त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. बायको हुंदके देत होती. त्याला रडू येईना, म्हणून तो उगाच पंखा बंद करून आला.