चिंचेने घासलेला समुद्रतळ

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, उदगीरमध्ये फरशी कापणाऱ्या एका दुकानात माझ्या साडूंनी बटाट्याएवढा एक काळा दगड मधोमध कापून घेतला. दगड हिंदी महासागराच्या तळावरचा होता. समुद्राच्या तळाविषयी इतके बोलणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. समुद्र मात्र त्यांनी तोपर्यंत पाहिलेला नव्हता.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. परीक्षानळ्या धुणे आणि नव्या प्राध्यापकांना ‘आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात न्हाई’ हे बजावणे, या दोन कामांत त्यांची नोकरी संपली. निवृत्तीच्या वर्षी त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो संशोधन करणाऱ्या जहाजावर नोकरीला होता. नमुन्यांतून बाजूला काढलेला हा दगड त्याने सरांना भेट दिला. दाजींना ‘सर’ म्हणणारा तो पहिलाच, असे आक्का सांगते. आक्का म्हणजे दाजींची बायको, माझी मोठी मेहुणी.

तेव्हापासून अकरा वर्षे दगड पाण्याने भरलेल्या लोणच्याच्या बरणीत होता. घरी येणाऱ्याला चहाच्या आधी तो पाहावा लागे. ‘हे वाळू द्यायचं न्हाई,’ दाजी बजावत, ‘वाळलं की तडकतंय.’ मग माहिती सुरू होई. पाच किलोमीटर खोल, अंधार, थंडी. पाण्यात विरघळलेले मँगनीज आणि लोखंड, त्यांच्यासोबत थोडे निकेल, तांबे, कोबाल्ट. ‘त्याला बसायला आधार लागतोय. संक्रांतीचा हलवा कसा करतात? तिळावर पाक चढवत राहायचा. तसंच हाय हे. फक्त दोन-चार मिलिमीटर चढायला धा लाख वर्षं लागतात.’ पाहुणा तरीही बसून राहिला, तर मेडिकलमधून आणलेल्या, जखम धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दगडाची चिमूटभर पूड टाकली जाई. फेस येई. ‘ऑक्सिजन,’ दाजी म्हणत आणि पाहुण्याकडे असे पाहत की त्याला काहीतरी बोलणे भाग पडे.

दाजींच्या पुतणीसाठी स्थळ पाहायला आम्ही निलंग्याला गेलो होतो. पोहे आले तेव्हा दाजी बैठकीत नव्हते. ते गच्चीवर सापडले. पाण्याच्या टाकीत कमरेपर्यंत वाकून ते चमच्याने आतला काळा थर खरवडत होते. मुलाच्या वडिलांना त्यांनी तो तळहातावर दाखवला. ‘समुद्रात जे व्हतंय तेच तुमच्या टाकीत होऊन राहिलंय. बोअरचं पाणी हाय ना? धुऊ नका ओ हे.’ मुलाकडच्यांनी दुसऱ्याच दिवशी टाकी धुऊन घेतली आणि होकार कळवला. दाजींना त्यातला होकार आठवत नाही, टाकी आठवते.

आक्काला समुद्र पाहायचा होता. लग्न झाल्यापासून तिची ही एकच मागणी होती. दाजींचे उत्तर ठरलेले असे : ‘वरून काय दिसतंय? नुसतं पाणी. बगायचं ते तळाला हाय.’ एका संक्रांतीला हलवा करता करता आक्काने विचारले, ‘तुमच्या दगडात तीळ कोणता हाय मग?’

‘शार्कचा दात,’ दाजी म्हणाले.

‘कशावरून? दुसरा दगड आसंल.’

पैज माझ्यासमोर लागली. दात निघाला तर आक्काने समुद्राचे नाव काढायचे नाही. दुसरे काही निघाले तर दाजींनी तिला समुद्र दाखवायचा. त्यासाठी दगड कापावा लागणार होता, आणि दाजी कापायला तयार नव्हते. ‘कोटभर वर्षांची चीज तुझ्या हौसेपायी कापू व्हय?’ पैज अशी बरणीत पडून राहिली.

या दिवाळीत देवघरातली तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली, तेव्हा आक्काने त्यांच्याबरोबर दगडही घेतला. चिंच आणि मीठ लावून घासला, धुतला आणि भांड्यांबरोबर दिवसभर उन्हात वाळत ठेवला. दाजी बाजारातून आले तेव्हा दगडावर केसाएवढी चीर होती.

‘दोन लाख वर्षं घासून काढलीस की तू!’

‘मग? तरीबी काळंच हाय.’

दगड वाळला की तडकतो, हे आक्काने अकरा वर्षे, येणाऱ्या पाहुण्यागणिक ऐकलेले होते. एवढी नोंद करतो. दाजींनी दगड परत बरणीत बुडवला. तिसऱ्या दिवशी चीर वाढली. भुगा होण्यापेक्षा नीट कापलेला बरा, असे ठरले. साक्षीला मला नांदेडहून बोलावण्यात आले.

फरशीच्या दुकानात मिस्त्रीने पात्यावर पाण्याची धार सोडली. मिनिटभरात दोन अर्धुके झाली. मिस्त्रीने ती दाजींच्या हातात दिली. मी त्यांच्या उजव्या बाजूला होतो, आक्का दोन पावले मागे. आत एकाभोवती एक अशी काळी-तपकिरी वलये होती आणि मधोमध फिकट, त्रिकोणी, काचेसारखे चमकणारे काहीतरी. दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अर्धुके एकमेकांवर दाबून मिटली.

‘दगडच हाय,’ ते म्हणाले. ‘हरलो मी.’

रसायनाच्या बाबतीत दाजी खोटे बोलल्याचे मी त्याआधी ऐकले नव्हते.

पुढच्या आठवड्यात दोघे लातूरहून कोकणच्या गाडीत बसले. तीन दिवस राहिले. दाजी गुडघाभर पाण्यात उभे राहून खाली पाहत होते आणि ती स्वतः समोर पाहत होती, असे आक्काने परत आल्यावर सांगितले. दाजी अंघोळीला गेले होते. ती हळू आवाजात म्हणाली, ‘दातच व्हता न्हवं? दगडाला कुठं तशी चमक आसती? मला तव्हाच दिसला. पर सांगू नका त्यास्नी.’

सांगितले नाही. हे छापून आले तरी त्यांना कळणार नाही. माझे लिखाण ते वाचत नाहीत, त्यात रसायन नसते म्हणतात. मी एक अर्धुक मागून नांदेडला आणले आणि भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांना दाखवले. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि ‘शार्कचा दात’ असे सांगितले. अर्धुक मी परत पोचवले. आता दोन्ही तुकडे रबर लावून त्याच बरणीत ठेवले आहेत. बरणीतले पाणी दर सोमवारी आक्का बदलते.