बेसिनमध्ये ओतलेली बाटली

मंडळी, आज दुपारी केडगावला भाच्याकडे जेवताना माझी चांगलीच जिरली.

त्याने इटलीची रेड वाईन आणली होती. पहिला घोट कच्च्या जांभळासारखा तुरट लागला आणि मी तोंड वाकडं केलं. "मामा, आधी मटणाचा घास खा, मग प्या," भाचा म्हणाला. तसं केलं, तर तुरटपणा रश्श्यात विरून गेला.

ही चव माझ्या ओळखीची होती.

एकाहत्तर-बहात्तर साली मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नवा केमिस्ट होतो. यंत्रं बसवायला आलेल्या इटालियन फिटरने निघताना मला एक बाटली दिली. लेबल हाताने लिहिलेलं होतं. जेवताना पी, असं तो खुणांनी सांगत होता.

मी पडलो शहाणा. आधी लॅबमध्ये तिची आम्लता मोजली, मग उपाशीपोटी एक घोट घेतला आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "आंबलीय ही."

लॅबमधला सखाराम हळूच म्हणाला, "सायेब, त्याच्या बापाच्या हातची हाय म्हनं. ऱ्हाऊ द्या की."

मी ती त्या फिटरच्या देखत बेसिनमध्ये ओतली. त्याने रिकामी बाटली लेबल भिजू न देता धुतली, पुसली, शर्टात गुंडाळली आणि बॅगेत ठेवली.

आज भाच्याने विचारलं, "मामा, आवडली का?"

तुम्हीच सांगा, मी कोणत्या तोंडाने हो म्हणायचं?