हेंकरावांची करडी बरणी

फोन आला तेव्हा मी शनिवारच्या ग्रोसरीची यादी करत होते. यादीत शेवटी नेहमीप्रमाणे शेजारच्या हेंककाकांचा राय ब्रेड. हॉस्पिटलमधून त्यांची पुतणी बोलत होती, पहाटे झोपेतच गेले... मी "हो, हो" म्हणत राहिले आणि पेन ब्रेडवरच थांबलं.

हेंक मूळचे हॉलंडचे, निसर्गचित्रकार. तरुणपणी इथे कॅनडात, रेजिनाला आले आणि इथलं सपाट माळरान बघून राहिलेच. त्यांच्या चित्रात शेत बोटभर, बाकी सगळं आभाळ. कडाक्याच्या थंडीत गाडीचा हीटर लावून, मांडीवर बोर्ड घेऊन तैलरंगात रंगवायचे. नजर अधू झाली, लायसन्स गेलं, तेव्हापासून रविवारी त्यांना मी न्यायची.

बाबा गेल्यावर आईला मी नागपूरहून इथे आणलं. ती दिवसभर बेसमेंटच्या खोलीत बसून असे. बाहेर तरी पडेल म्हणून तिलाही रविवारी गाडीत बसवलं. रंगवून झालं की हेंक पॅलेटवर उरलेले सगळे रंग खरवडून एकत्र घोटायचे. त्याचा करडा रंग जॅमच्या बरणीत टाकायचे, सुकू नये म्हणून वर थोडं पाणी. पुढच्या चित्राचं आभाळ त्यातूनच सुरू व्हायचं. हॉलंड सोडल्यापासून तो रंग त्यांनी कधी संपू दिला नव्हता.

मागच्या सीटवरून आई वाकून म्हणाली, "अगं, हे तर विरजण लावताहेत!" मी इंग्रजीत समजावलं... कालचं चमचाभर दही, आजचं दूध. हेंक इतके हसले की ब्रश हातातून पडला. त्या दिवसापासून ते आईचे हेंकराव. ती मराठीत, ते इंग्रजीत, आणि दोघांचं छान चालायचं.

"हेंकराव, केवढं मळकं केलंत आभाळ!" चित्राकडे बोट दाखवून ती म्हणे.

"यू डू इट, मॅडम." ते ब्रश पुढे करत.

"छे, मी आपली बघणारी." आईचे हात शालीखाली.

पुतणीनं घर आवरलं तेव्हा मी मदतीला होते. चित्रं एकीकडे, टाकायचं दुसरीकडे. बरणी टाकायच्या ढिगात गेली. तेवढ्यात आई घरातल्या सपाताच घालून बर्फातून आली. "ती मला द्या."

बरणी तिनं खिडकीत ठेवली. रोज झाकण उघडून बघे. रंगावर साय धरू लागली होती.

"नुसत्या पाण्यावर किती टिकेल गं?"

"वापरला नाही तर सुकणारच, आई."

तिनं झाकण परत लावलं. त्या रविवारी मात्र कोट घालून, बरणी पोटाशी धरून वर आली. "चल, गाडी काढ."

आईचं चित्र कसलं... करडा पट्टा आणि खाली एक वाकडी रेघ. पण शेवटी तिनं उरलेला रंग नीट खरवडला, बरणीत टाकला, वर पाणी ओतलं आणि झाकण घट्ट लावलं.

यादीतला राय ब्रेड माझ्याच्यानं खोडवला नव्हता. काल तो आईनंच खोडला. "त्या जागी पांढऱ्या रंगाची मोठी ट्यूब लिही," म्हणाली. "इथल्या आभाळाला पांढरा फार लागतो."