इंदूबाईला खोली का नाकारली

नागपुरात, सक्करदऱ्यात तलावाच्या मागे महापालिकेची एक शाळा होती. पहिली ते सातवी, नऊ खोल्या, एक सभागृह, मधे पटांगण. मुलं कमी झाली म्हणून ती बंद पडली आणि सहा वर्षं कुलपात राहिली. तिच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या बाजूला, इंदूबाई कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, भरत असे.

नागपुरात मार्च लागला की घरोघरचे कूलर बाहेर निघतात. ताट्यांमधलं गेल्या वर्षीचं गवत कुजून काळं पडलेलं असतं. ते फेकायचं, जाळी घासायची, नवं गवत पसरायचं आणि दाभणाने सुतळी ओवून शिवून टाकायचं. काम सोपं दिसतं. पण गवत जाड झालं तर हवा येत नाही आणि विरळ झालं तर गरम हवा येते. इंदूबाई गवताची मूठ हातात घेते, एकदा दाबते आणि तेवढ्यावर ठरवते. मी तिच्या भरलेल्या ताटीतून येणारी हवा यंत्राने मोजली आहे. चारही कोपऱ्यांत आकडा जवळजवळ सारखा आला. तिला ते सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग? वेगळा काहून येईन?"

ती मूळची कामठीची. वडील पॉवरलूमवर होते. लग्न होऊन सक्करदऱ्यात आली. नवरा भैय्याजी कूलर दुरुस्त करायचा. एका मे महिन्यात तो दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावरून पडला आणि त्याची कंबर गेली. तेव्हापासून तो घरी बसून कूलरच्या मोटारी बांधतो, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळतो, आणि शिडीवर ती चढते. सुरुवातीला लोक दार उघडून तिच्या मागे बघायचे, माणूस कुठे आहे म्हणून. आता तसं कोणी बघत नाही. या गोष्टीला सोळा वर्षं झाली.

शाळा चालू होती तेव्हा तिथले पंखेही तीच बघायची. तिची दोन्ही मुलं तिथेच शिकली.

मग त्या शाळेचं हरित उद्योग आणि प्रशिक्षण केंद्र करायचं ठरलं. केंद्र एका संस्थेकडे चालवायला दिलं आणि मला तिथे साइट इंजिनिअर म्हणून नोकरी लागली. गेटवर मोठा फलक लागला. सभागृहात प्रशिक्षण चालेल आणि नऊ खोल्या पर्यावरणाला धरून चालणाऱ्या स्थानिक व्यवसायांना अल्प भाड्याने मिळतील, असं त्यावर लिहिलं होतं. स्थानिक हा शब्द जाड अक्षरात होता.

इंदूबाईने तो फलक वाचला आणि त्याच आठवड्यात अर्ज केला. तिला खोली हवी होती यामागे साधं कारण होतं. ज्या भिंतीला लागून ती बसायची, त्या भिंतीवर कुंड्या लावून हिरवी भिंत उभारायची होती. मेअखेर तिला तिथून उठावं लागणार होतं. घरी एकच खोली, त्यात भैय्याजीची खाट आणि मोटारी. गवत भिजलं की वाया जातं. छप्पर नाही म्हणजे धंदा नाही, इतका सरळ हिशोब होता.

मार्चमध्ये मुलाखती झाल्या. टेबलामागे केंद्राचे व्यवस्थापक उन्मेष सर आणि सल्लागार मिनल मॅडम होत्या. मी कोपऱ्यात बसून टिपणं घेत होतो.

"तुमच्या व्यवसायात नवीन काय आहे, इंदूताई?" मिनल मॅडमनी विचारलं.

"गवत," इंदूबाई म्हणाली. "दरसाल नवं असते. कूलरचा डबा जुनाच राह्यते. एक एक डबा मी पंधरा-पंधरा वर्षं चालवून राहिली."

"तसं नाही. काही वेगळी कल्पना?"

"तुमच्या बोर्डावर लिहून ठेवलं न मॅडम, वस्तू फेकू नका, दुरुस्त करा म्हणून? मंग मी सोळा वर्षं काय करून राहिली?"

उन्मेष सर हसले. "ते बरोबर आहे. पण हे पाच वर्षांनी किती मोठं होईल?"

"खोली द्या, दोन पोट्ट्या हाताखाली घेते. रस्त्यावर कोणाची पोट्टी काम शिकायले येईन? तुमची येईन का?"

यावर सर हसले नाहीत.

एप्रिलमध्ये पत्र आलं. तिने ते भिंतीपाशी उभं राहून, बोट ठेवून वाचलं. नाकारण्याची कारणं दोन. व्यवसायात नवकल्पनेचा अभाव. ज्वलनशील साहित्य. ज्या चार नंबरच्या खोलीसाठी तिने अर्ज केला होता, ती बाहेरगावच्या एका कंपनीला मिळाली. ती कंपनी थंडाव्याच्या शाश्वत उपायांवर सल्ला देते. कंपनीची माणसं एकदा आली, दारावर स्टिकर चिकटवलं, दारासमोर फोटो काढले आणि कुलूप लावून गेली. त्या कंपनीचा कोणीही माणूस मी नंतर पाहिला नाही. पाहिला असता तर त्याला एप्रिल महिन्यात नागपुरात थंडावा कसा करतात ते विचारलं असतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सौर पॅनल बसवण्याच्या प्रशिक्षणाची पहिली तुकडी सुरू झाली. सभागृहात चाळीस मुली. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या, कामठीहून शेअर ऑटोने येणाऱ्याही होत्या. बाहेर पंचेचाळीस अंश. सभागृहाला तीन मोठे कूलर लावले होते, तिन्ही जोरात चालत होते, आणि आत बसवत नव्हतं. कपडे अंगाला चिकटत होते, वहीची पानं ओलसर झाली होती. मी मोजलं तर तापमान चौतीस आणि हवेतला ओलावा ऐंशी टक्के.

तिसऱ्या दिवशी दुपारी काजल नावाची मुलगी बाकावरून खाली घसरली. तिला व्हरांड्यात नेऊन डोक्यावर ओली ओढणी ठेवली. उन्मेष सर मला म्हणाले, "कूलरमध्ये काहीतरी बिघाड आहे. कोणाला तरी बोलाव."

कोणाला म्हणजे कोणाला? ती पन्नास पावलांवर बसली होती.

इंदूबाई आत आली. कूलरकडे तिने पाहिलंच नाही. दारात उभी राहिली, तळहात हवेत धरला, आणि मान वर केली.

"हवा जाते कुठून?"

उन्मेष सरांनी कूलरकडे बोट दाखवलं.

"मी विचारून राहिली, हवा जाते कुठून? इथं बारा रोशनदानं होती. कोणी बुजवली?"

"बुजवली नाहीत," उन्मेष सर म्हणाले. "ती वर आहेत. खाली फॉल्स सीलिंग आहे."

"आणि खिडक्या?"

"त्या फिक्स काचेच्या आहेत."

ती माझ्याकडे वळली. "कूलर लावला त समोरची खिडकी उघडी ठेवा लागते, हे माह्या नातवालेही समजते. तुम्ही वरून झाकण लावलं, बाजूनं काच लावली आणि आत पाण्याची हवा भरून राहिले. ही शाळा आहे का कढई? पोट्ट्या उकडून राहिल्या तुमच्या!"

चूक कशी झाली ते मला माहीत होतं. मूळ आराखडा एसीचा होता, म्हणून छत नऊ फुटांवर आणलं आणि खोली बंदिस्त केली. नंतर एसी नसेल तर हरित मानांकनात जास्त गुण मिळतात असं निघालं. एसी रद्द झाले, कूलर आले. बंदिस्त खोली तशीच राहिली. सोळा फूट उंचीची खोली आणि माथ्याशी बारा झरोके, हे ज्याने ती शाळा बांधली त्याला सुचलं होतं. आम्ही सगळे शिकलेले. आम्ही ते झाकलं.

"मी उघडून देते," इंदूबाई म्हणाली. "पण साहेब, आधी चार नंबरच्या खोलीचं बोला."

"ताई, ही वेळ आहे का ते बोलायची?"

"मंग कधी असते वेळ? मार्चात नव्हती, एप्रिलात नव्हती. खोली रिकामी पडून आहे."

"पुढच्या फेरीत नक्की बघू."

मला वाटलं ती निघून जाईल. मी तिच्या जागी असतो तर गेलो असतो. तिने दारातून व्हरांड्यात पडलेल्या काजलकडे पाहिलं, एक कडक शिवी दिली, ती कोणाला ते सगळ्यांना कळलं, आणि म्हणाली, "शिडी आण गा."

तिने छताचे सहा चौकोन काढले. रोशनदानांच्या दोऱ्या कुजून गेल्या होत्या, म्हणून बांबूने ढकलून एकेक उघडलं. कबुतरांच्या घरट्यांच्या काड्या आणि धूळ थेट प्रोजेक्टरवर पडली. बारापैकी सात उघडली. वीस मिनिटांत हवा हलायला लागली. काजल उठून आत आली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच शिकवा न आम्हाले."

"मले कोण शिकवू देते वं," इंदूबाई म्हणाली. "माह्याजवळ नवीन काई नाही."

पंधरा दिवसांनी मिनल मॅडमनी मोठ्या बैठकीत सादरीकरण केलं. त्यात एका पानाचं शीर्षक होतं, पारंपरिक ज्ञानातून नैसर्गिक वायुवीजन. आकडे मी मोजलेले. फोटोत शिडीवर चढलेली इंदूबाई, पाठमोरी. खाली लिहिलं होतं, स्थानिक कारागीर. तिचं नाव कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. केंद्राला त्याचे जादा गुण मिळाले. इंदूबाईला शाल आणि नारळ द्यायचं ठरलं.

"शाल?" ती म्हणाली. "मे महिन्यात?"

दुसऱ्याच दिवशी हिरव्या भिंतीचे कामगार आले. त्यांनी भिंतीवर लोखंडी चौकट ठोकायला घेतली आणि तिला सामान हलवायला सांगितलं. कुंड्या प्लास्टिकच्या होत्या, आणि त्यांना रोज पाणी घालायला वेगळा टँकर ठरला होता. इंदूबाईने गवताचे गठ्ठे उचलले, जाळ्या उचलल्या, गेटमधून आत आली, चार नंबरच्या कुलपावर हातोडीचे चार घाव घातले आणि सामान आत ठेवलं. दारावरचं स्टिकर तिने काढलं नाही. म्हणाली, "राहू द्या, मीही थंडाव्याचंच करते."

संध्याकाळपर्यंत दारावर नोटीस लागली. अनधिकृत ताबा, आठ दिवसांत खोली रिकामी करा. दुसऱ्या सकाळी उन्मेष सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"गवत पेट घेतं. तेवढा एक अहवाल लिहून दे. दोन ओळी पुरे."

गवत पेट घेतं हे खरं आहे. मी ते लिहिलं. मग हेही लिहिलं की सभागृहाच्या छतातला फोमही पेट घेतो आणि प्लास्टिकच्या कुंड्याही. गवताचा साठा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला, खोलीत फक्त त्या दिवसापुरतं गवत आणलं, गळक्या डब्यांना डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम व्हरांड्यात केलं आणि वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या, तर ती खोली वापरायला हरकत नाही, असं लिहून खाली सही केली.

सरांनी कागद वाचला. "तुला दोन ओळी सांगितल्या होत्या."

"हो, सर."

अहवालाची एक प्रत मी इंदूबाईला दिली. मला वाटलं ती खूश होईल. तिने बोट ठेवून सगळा वाचला, घडी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"लिहिता येते तुले."

"मावशी, जे खरं आहे तेच..."

"आणि छत लावून राहिले होते तवा? तुले समजत नव्हतं?"

"समजत होतं. मी ईमेल केला होता."

"ईमेल." ती हसली, आणि ते हसणं मला आजही खुपतं. "एक ईमेल केला आन् घरी गेला. चाळीस पोट्ट्या त्या भट्टीत बसवल्या तवाही तू तिथंच उभा होता गा. यंत्र घेऊन मोजत होता. एक पोट्टी पडली तवा आली मी. ती मेली असती त?"

 

त्या संध्याकाळी तिने गवताचे गठ्ठे मागच्या शेडमध्ये हलवले, अहवालात लिहिलं होतं तसे. वाळूच्या बादल्या आणल्या. सभागृहातल्या आठ मुली सुटीनंतर तिच्याकडे ताटी शिवायला बसू लागल्या. काजलचा टाका अजून तिरका जातो आणि इंदूबाई तो उसवायला लावते.

सातव्या दिवशी उन्मेष सर कागद घेऊन आले. मानवतेच्या दृष्टीने पावसाळ्यापर्यंत तात्पुरती सवलत, कोणताही हक्क सांगणार नाही, खाली सही.

"सवलत कायची?" इंदूबाई म्हणाली. हात थांबवला नाही. "भाडं घ्या, पावती द्या, दारावर नाव लिहा. भीक मागायले आली का मी?"

"ताई, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"माह्या भल्याचं मी पाहीन. तुम्ही त्या वरच्या पाच रोशनदानांचं पाहा, बंदच आहेत अजून."

सर कागद खिडकीत ठेवून गेले. तो तसाच आहे, सहीविना. आता त्या नोटिशीवर सोमवारी अकरा वाजता महापालिकेच्या कार्यालयात सुनावणी आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी साक्ष द्यायला जाणार आहे. नोकरी राहील असं वाटत नाही. इंदूबाईची काळजी वेगळीच आहे. सोमवारी तिने मनीषनगरच्या सहा घरांत जायचं कबूल केलं आहे. एका घरात अंथरुणावरचा म्हातारा आहे आणि त्याचा कूलर तीन दिवसांपासून बंद आहे.

"त्यायले सांग," ती मला म्हणाली, "की आठ वाजता बोलवा. मी मोकळी नाही."

मी सांगितलं. कार्यालय साडेदहाला उघडतं, असं उत्तर आलं. मग म्हाताऱ्याच्या घरी ती रविवारीच गेली, चार तास तिथे काम केलं, आणि सोमवारची बाकी पाच घरं तिने एकेकाला फोन करून पुढे ढकलली. प्रत्येक फोनवर ती कारण एकच सांगत होती, की खोली तिची आहे, ते काही लोकांना दिसत नाही, म्हणून सोमवारी दाखवायला जायचं आहे.