इब्राहिमची हजेरी

जळक्या वायरचा वास आला की कुवेतमधला वायरमनचा सरकारी सायंवर्ग आठवतो. साल साठच्या आसपासचं. वर्गाला फी नव्हती, पण ओव्हरटाइम बुडायचा. म्हणून माझ्या खोलीत राहणारा रत्नागिरीचा इब्राहिम एका संध्याकाळी वर्गाच्या दारातूनच परत निघाला.

“माझं ‘हाजिर’ तूच म्हण रे. मिसरी मास्तर कुठं तोंडं बघतोय?”

“आणि परीक्षेत?”

“तुझ्या मागं बसेन की!”

इजिप्तहून आलेल्या त्या मास्तरांनी त्याचं नाव पुकारलं. मी मान खाली घालून, आवाज बदलून म्हणालो, “हाजिर.”

इब्राहिम पास झाला आणि वायरमन म्हणून लागला. पहिल्याच महिन्यात त्यानं विजेच्या चालू पेटीत हात घातला आणि तो जागीच गेला.

आधी मेन स्विच बंद करायचा, हा त्या संध्याकाळचा धडा. तो माझ्या वहीत आहे. हजेरीपटावर इब्राहिम हजर आहे.