उपासाला चालणारं मीठ

माझे वडील कोपरगावात भिक्षुकी करायचे. सकाळी गोदावरीत स्नान करायचं आणि ओल्या पंच्यानं घाट चढून घरी यायचं, यात त्यांनी कधी खाडा केला नाही. लढाईच्या दिवसांत मात्र ते घाटाच्या मध्यावर बसू लागले. विचारलं तर म्हणायचे, जप करतो. जप घरीही झाला असता, पण धाप लागते हे कबूल करायला आमच्या घरात फार मोठं मन लागायचं. शेवटी घाटावरच्या एका शेतकऱ्यानंच येऊन आईला सांगितलं, "काकू, भटजींचं काय खरं न्हाई. लई धापा टाकत्यात."

आईनं अडुळशाचा काढा सुरू केला. दमा समजून सगळं गाव दम्याचीच औषधं सुचवत होतं. मग त्यांचे पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. आईचा निरोप आला तशी मी केडगावहून, सासरहून, निघाले आणि वडिलांना आगगाडीनं नगरला डॉक्टरांकडे नेलं. आईही सोबत आली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता. तेव्हाच काळजाची झडप बिघडली, आता काळीज थकलंय, त्याला रक्त पुढं ढकलवत नाही म्हणून पाणी अंगात साठतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. बरं होण्याचं औषध नव्हतं. थेंब होते, विश्रांती होती आणि एक पथ्य होतं: मीठ बंद. डॉक्टरांनी ते दोनदा बजावलं. आईनं मान हलवली. पथ्य पाळण्यात आमच्या आईचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकादशी, चतुर्थी, चातुर्मास, तिच्या हातून कधी काही मोडलं नाही.

वडिलांचा घाट बंद झाला आणि मी माहेरीच राहिले. ते तक्क्याला टेकून बसायचे आणि बसल्या बसल्याच डोळा लागायचा, आडवं झालं की जीव गुदमरायचा. सुरुवातीला थोडा उतार वाटला. मग सूज पोटऱ्यांवरून गुडघ्यापर्यंत चढली. मला काही कळेना. थेंब वेळेवर, जेवण आईच्या हातचं. वडील मात्र रोज म्हणायचे, पथ्याचं असूनही आमटी चविष्ट होते हो. मला तो आईच्या हाताचा गुण वाटायचा.

पुन्हा नगरला गेलो. डॉक्टरांनी पाय पाहिले आणि जेवणात काय असतं ते विचारलं. आईनं अभिमानानं सांगितलं, "मिठाचा कण घातला नाही. सगळं सैंधवावर करते."

डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, सैंधव हेही मीठच आहे."

"पण ते उपासाला चालतं," आई म्हणाली.

मोटेचा बैल दमलाय आणि तुम्ही विहिरीत आणखी पाणी सोडताय, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान आईला त्यांच्याशी भांडता आलं असतं. मला त्यांनी बाहेर नेऊन सांगितलं की काळीज तसंही सुधारणारं नव्हतं, चार महिने श्वास जरा सोपा गेला असता इतकंच. ते चार महिने मी आईला कधीच सांगितले नाहीत.

त्यानंतर घरात खरंखुरं अळणी शिजू लागलं. वडिलांना घास उतरेना. एकदा आईला हसवावं म्हणून ते म्हणाले, "तुझ्या हाताला चव होती म्हणत होतो, ती सैंधवाची निघाली." आई हसली नाही. ती ताट उचलून आत गेली आणि रडली. माणूस जाणार हे आम्हां तिघांनाही कळलं होतं, तरी रोज पथ्याचं शिजायचं आणि रोज बहुतेक परत जायचं. आशा म्हणून नव्हे, चूल पेटवणं एवढंच आईच्या हाती उरलं होतं म्हणून. एका दुपारी तक्क्याला टेकून बसल्या जागीच ते गेले. पाय तेव्हाही सुजलेलेच होते.

वर्षश्राद्धाला मी माहेरी आले. आमच्याकडे श्राद्धाच्या स्वयंपाकाला साधं मीठ चालत नाही, सैंधवच लागतं. आमटी उकळत होती. आई चुलीपुढे सैंधवाचा खडा हातात घेऊन कितीतरी वेळ बसली होती. मला पाहून तिनं विचारलं, "आता घातलं तर चालेल ना गं त्यांना?"

मी हो म्हणाले. तिनं खडा परत डब्यात ठेवला आणि पानं अळणीच वाढली.