फॅमिलीला घेऊन या

"तुमच्या घशात काही बिघाड नाही," नारायणगावच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी बाहेर काढून सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. पण तीन आठवडे माझा आवाज निघत नव्हता. बिघाड नाही, तर आवाज गेला कुठं?

त्यांनी कागदावर लिहिलं, फंक्शनल एफोनिया. म्हणजे गळा चांगला असतो, पण मनावर ताण आला की आवाज फुटत नाही. "हे नाटक नाही," असं त्यांनी माझ्या मालकांना दोनदा सांगितलं. कारण मालकांना ते सोंग वाटत होतं; म्हणाले होते, दिवाळीपर्यंत बोलली नाहीस तर लोणीला माहेरी सोडतो, पोरगी इथंच राहील. मला फक्त तेवढंच भ्या होतं.

डॉक्टर म्हणाले, "फॅमिली थेरपी घ्या. सोमवारी फॅमिलीला घेऊन या."

आमच्याकडे फॅमिली म्हणजे बायको. सोमवारी मालकांनी मला आणलं, खोलीत बसवलं आणि स्वतः बाहेर बाकड्यावर बसले. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आतल्या थेरपीच्या मॅडमनी दार उघडून विचारलं, "बाकीचे कुठं आहेत?"

"फॅमिली आणलीय की. ती काय, आत बसलीय."

मॅडम हसल्या. "दादा, फॅमिलीत तुम्हीपण येता. घरी अजून कोण?"

"आई हाय. पण आमचं बोलणं न्हाई."

"मग निरोप कसे जातात?"

मालकांनी माझ्याकडं बोट केलं.

मालकांनी आईला न विचारता म्हैस विकली, तेव्हापासून वर्षभर हेच चाललं होतं. सांग तुझ्या नवऱ्याला. सांग तुझ्या सासूला. शब्द त्यांचे, बोलणी मला. सुनेचं कामच ते, असं मी धरून चालले होते. त्याचा आणि घशाचा काय संबंध, ते मला त्या दिवशीही कळलं नाही.

पुढच्या सोमवारी सासूबाई आल्या. "आजारी ही, आन् खुर्चीत मी?" असं म्हणत लेकाकडं पाठ करून बसल्या. मग मला म्हणाल्या, "सांग त्याला..."

"आजी, तिला आवाज नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

मग सासूबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "इकलीस ती इकलीस. जाताना तिच्या पाठीवरनं हात तरी फिरवू द्यायचा व्हतास."

मालकांनी मान खाली घातली. "चुकलं, आई."

मी रडले, तेही बिनआवाजाचं. दोघं बोलले, मग माझा आवाज का येईना? मॅडम म्हणाल्या, घाई नको. तोंड मिटून गुणगुणायचा व्यायाम दिला.

चौथ्या सोमवारनंतरची गोष्ट. मी भाकरी थापत होते. सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "सांग त्याला, जेवाय ये."

"तुमीच सांगा."

आवाज घोगरा होता, पण माझाच. मी इतकी घाबरले की तव्यावरची भाकरी करपली.

"आता उलटं बोलाय लागली," सासूबाई म्हणाल्या.

"बोलू दे, आई," मालक ओट्यावरनं म्हणाले. "बोलली तर खरी."

दवाखान्याच्या कागदावर एकटीचं माझंच नाव आहे. तिघांत आजारी कोण होतं, ते मला अजून उमगत नाही. मॅडमचे उपकार मात्र विसरणार नाही. कुणा बाईचा आवाज असा गेला, तर तिला एकटीला आत पाठवू नका. बाकड्यावरच्यांनाही उठवा.

लोणीला मी दिवाळीत गेले, पोरीला घेऊन, भाऊबीजेला. चार दिवसांनी मालक न्यायला आले. सासूबाईंनी काय निरोप दिलाय, मी विचारलं. फोन माझ्यापुढं धरून म्हणाले, "तिनं फोन लावलाय. तूच बोल."